सुटेपर्यंत माणूस टिकला पाहिजे : गावातल्या व्यसनी माणसाला साथ कशी द्यायची

मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, सोलापूर–विजयपूर महामार्गावरचं मोठं गाव. पोलीस ठाणं आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, आसपासच्या वाड्यावस्त्यांची बाजाराला वर्दळ असते. व्यसनावरच्या उपचाराचा विषय निघाला की मात्र लोकांना साधारण 25 किलोमीटरवरचं सोलापूरच आठवतं. सकाळी पहिला घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत, त्याला हे अंतर फार मोठं वाटतं. त्यात लाज असते, भीती असते आणि बुडणारी रोजंदारीही असते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे फक्त एकाला कुठला तरी उपचार मिळाला होता, असं त्यात आढळलं. उरलेले 37 जण कुठे असतात? आपल्याच गावात, आपल्याच भावकीत. कधी आपल्याच घरात.

हा लेख त्या 37 जणांसाठी आहे. ते आज व्यसन सोडतीलच असं नाही. पण सोडण्याची तयारी होईपर्यंत ते जिवंत राहिले पाहिजेत, धडधाकट राहिले पाहिजेत, आणि कुणाच्या तरी संपर्कात राहिले पाहिजेत. हे काम गावात कसं उभं करायचं, ते आपण क्रमाने पाहू.

आधी दोन कल्पना समजून घेऊ

पहिली कल्पना नुकसान कमी करण्याची. 'हार्म रिडक्शन' म्हणतात ते हेच. माणूस अजून नशा करतो आहे हे मान्य करायचं, आणि त्या नशेमुळे होणारे मृत्यू, अपघात, आजार आणि घरातली मारहाण आजपासून कमी करायची. 'सोड, नाहीतर आमचा तुझा संबंध संपला' अशी अट इथे नसते. सोडण्याचा रस्ता कायम उघडा असतो.

दुसरी कल्पना सोबत्याची. त्याच वाटेने गेलेला, त्यातून सावरलेला किंवा सावरू पाहणारा माणूस दुसऱ्याला हात देतो. योजनांच्या कागदांत त्याला 'पीअर' म्हणतात. आपण सोबती म्हणू. डॉक्टरांचं ज्ञान त्याच्याकडे नसतं. पण समोरचा माणूस खोटं कुठे बोलतो आणि घाबरतो कुठे, हे त्याला चटकन कळतं.

ही पद्धत अनेक ठिकाणी तावून सुलाखून निघाली आहे. नेदरलँड्सच्या ॲमस्टरडॅम शहरात कावीळ पसरू लागली, तेव्हा नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने आग्रह धरला आणि 1984 साली वापरलेल्या सुया घेऊन नव्या देण्याची सोय झाली. मणिपुरात 1990 च्या सुमारास पूर्वी नशा करणाऱ्या तरुणांनी 'सासो' ही संस्था काढली आणि एचआयव्हीच्या साथीत तेच आपल्या मित्रांपर्यंत पोचले.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे उपचार घेऊन बरे झालेले कित्येक जण पुढे तिथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. मुक्तांगणची वाट संपूर्ण व्यसनमुक्तीची आहे, नुकसान कमी करण्यावर थांबणारी नाही. पण बरा झालेला माणूसच दुसऱ्याला सर्वांत जवळचा वाटतो, हा धडा महाराष्ट्राला तिथूनच मिळाला.

पहिली पायरी : गावात नेमकं काय चालतं ते पाहा

आपल्याकडे 'नशा' म्हटलं की दारू, असं धरून चालतात. दारू पहिली आहेच. दक्षिण सोलापूर तालुक्यातच मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांवर वर्षानुवर्षं हातभट्टी लागत आली. तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 2021 साली सोलापूर ग्रामीण पोलिसांचं 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. त्यात छाप्यांच्या जोडीला एकेका अधिकाऱ्याने गाव दत्तक घेणं, दारू गाळणाऱ्यांचं समुपदेशन आणि त्यांना दुसरा रोजगार मिळवून देणं, असे भाग होते. दारू गाळणारा धंदा का सोडत नाही, हा प्रश्न तिथे गांभीर्याने विचारला गेला. दारू पिणाऱ्याबद्दलही तोच प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारायला हवा.

दारूखेरीज इतरही गोष्टी आहेत. रसायन मिसळलेली ताडी, झोपेच्या गोळ्या (काही भागांत त्यांना 'बटन' किंवा 'कुत्तागोळी' म्हणतात), खोकल्याचं औषध, गांजा, मावा, पंक्चरचं सोल्युशन. पश्चिम महाराष्ट्रात व्यायामशाळेतल्या मुलांमध्ये मेफेंटरमाइनची इंजेक्शनं पोचली आहेत. रक्तदाब वाढवायला दवाखान्यात वापरतात ते हे औषध. ऑक्टोबर 2023 मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना पोलिसांनी पकडला. त्यामुळे 'आपल्याकडे तसलं काही नाही' असं समजून बसणं बरं नाही.

ही माहिती कशी काढायची? औषध दुकानदार, आशाताई, रिक्षावाले, व्यायामशाळेचे मुलगे आणि स्वतः नशा करणारे यांच्याशी सावकाश बोलून. काय घेतलं जातं, कधी, कुठे, एकट्याने की टोळक्याने, आणि गेल्या वर्षभरात त्यातून कोणते अपघात किंवा मृत्यू झाले, एवढं कळलं की पुरे.

इथे चुकतं : उत्साहाच्या भरात नावांची यादी केली जाते. यादी झाली की ती कधीतरी कुणाच्या तरी हाती लागते आणि विश्वास कायमचा संपतो. पदार्थ आणि जागा टिपा. नावं टिपू नका.

दुसरी पायरी : सोबती निवडा

सुरुवातीला दोन-तीन माणसं पुरतात. त्यातला निदान एक जण काही काळ व्यसनाबाहेर स्थिरावलेला असावा. दुसरा अजून अधूनमधून घेणारा असला तरी चालतो, फक्त कामाच्या वेळी तो शुद्धीत असला पाहिजे. जिथे नशा चालते, तिथे त्यालाच सहज बसता येतं.

एक सोबती स्त्री असणं गरजेचं आहे. ती व्यसनी माणसाची पत्नी किंवा आई असू शकते. बायकाही तपकीर, मिश्री, ताडी किंवा गोळ्यांच्या आहारी जातात. पण त्या पुरुषांच्या बैठकीत कधीच येणार नाहीत. मुक्तांगणमध्ये व्यसनींच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. ज्या घरात व्यसन आहे त्या घरालाही स्वतंत्र आधार लागतो, हे त्यामागचं कारण.

भाषेचाही विचार करा. मंद्रूपच्या परिसरात मराठीइतकीच कन्नड कानावर पडते, तांड्यावर गोरमाटी बोलतात, सोलापूर शहरात तेलुगू. आपलं दुखणं माणूस घरच्या भाषेतच नीट सांगतो.

सोबत्याला शिकवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. ऐकून घेणं, गुप्तता पाळणं, धोक्याची लक्षणं ओळखणं, 108 ला फोन करणं आणि दवाखान्यापर्यंत सोबत जाणं. गावातले वैद्यकीय अधिकारी हे दोन-तीन बैठकांत शिकवू शकतात.

इथे चुकतं : महिन्यापूर्वी दारू सोडलेल्याला एकट्यानेच गुत्त्यावर पाठवलं जातं आणि तो पुन्हा पिऊ लागतो. सोबती नेहमी जोडीने जावेत आणि त्यांनी आठवड्यातून एकदा आपसांत मन मोकळं करावं. दुसरी चूक पैशांची. फुकट राबवलेला माणूस टिकत नाही. त्याची रोजी बुडत असेल तर ग्रामपंचायत, एखादी संस्था किंवा गावातली मंडळी यांनी ती भरून द्यावी.

तिसरी पायरी : पहिली गाठ

नशेत असलेल्या माणसाशी व्यसनावर बोलू नका. सकाळी, चहाच्या वेळी, शेताच्या बांधावर किंवा पारावर गाठ घ्या. त्याच्या बायकोसमोर किंवा मुलांसमोर विषय काढू नका.

सुरुवात प्रकृतीपासून करा. झोप लागते का? जेवण जातं का? सकाळी हात थरथरतात का? कधी झटका आला होता का? उलटीत रक्त पडलं होतं का? या प्रश्नांना माणूस उत्तर देतो, कारण त्यात आरोप नसतो. आणि याच उत्तरांवरून धोका किती आहे, तेही कळतं.

मग विचारा, 'आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?' तो दारूचं नावही घेणार नाही कदाचित. सावकाराचं देणं, पायाची जखम किंवा तुटलेली सोयरीक सांगेल. त्या अडचणीत थोडी मदत करा. दुसऱ्या भेटीचं दार त्यामुळे उघडं राहतं.

इथे चुकतं : पहिल्याच भेटीत शपथ घ्यायला लावतात. देवासमोर, आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ चार दिवसांत मोडली की तो माणूस शपथ घालणाऱ्याला तोंड दाखवत नाही. बेवडा, गंजेडी, गर्दुल्ला हे शब्दही वापरू नका. त्याला नावाने हाक मारा. वयाने मोठा असेल तर अण्णा, मामा, जसं आपण एरवी म्हणतो तसं म्हणा.

चौथी पायरी : दारू किंवा गोळी एकदम तोडू नका

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली तर जीव जाऊ शकतो. शरीराला ज्या नशेची सवय झाली ती एकाएकी थांबली की जो त्रास होतो, त्याला 'विड्रॉवल' म्हणतात.

त्याचा क्रम साधारण ठरलेला असतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो, माणूस सैरावैरा पळतो. याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात, आणि हा दवाखान्यातच सांभाळायचा आजार आहे. गावात पुष्कळदा याला बाहेरची बाधा समजतात आणि मोलाचे तास अंगारे-धुपाऱ्यात जातात.

झोपेच्या गोळ्यांचं आणि रसायनमिश्रित ताडीचंही असंच आहे. ताडीची धुंदी वाढवायला क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलाम मिसळतात. 2015 च्या सप्टेंबरच्या सुमारास शेजारच्या तेलंगणात अशा ताडीवर कडक कारवाई झाली. निजामाबाद आणि इतर जिल्ह्यांत पुरवठा एकाएकी आटला आणि झटके, भ्रम, बेचैनी घेऊन माणसांची दवाखान्यांत रीघ लागली. कारवाई गरजेची होती. पण तिच्या आधी दवाखान्यांची तयारी आणि लोकांना सूचना, दोन्ही असायला हव्या होत्या.

म्हणून गावात भट्टीवर किंवा ताडीच्या दुकानावर छापा पडला, की सोबत्यांनी त्याच संध्याकाळी ओळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन यावं. ज्याला सकाळी थरथर होते, ज्याला पूर्वी झटका आला आहे, जो दारू आणि गोळ्या दोन्ही घेतो, त्याने घरी प्रयोग करू नये. त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावं. तिथे औषधांच्या आधाराने सवय उतरवता येते. दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांनी त्याला कोंडून ठेवू नये.

इथे चुकतं : तीन गोष्टी गावोगाव दिसतात. पहिली, 'उतरवण्यासाठी' नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावणं. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, कमी झालेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाईन लावण्याआधी 'हा रोज पितो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुसरी, जाहिरात पाहून जेवणातून चोरून दिलेली पावडर. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळतो, छातीत धडधड होते आणि मृत्यूही येऊ शकतो. हे औषध उपयोगी आहे, पण रुग्णाला सांगून आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. तिसरी, दारू सोडवायला दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणणं. त्याने एकाच्या जागी दोन व्यसनं लागतात.

पाचवी पायरी : आजचा धोका कमी करा

जो आज थांबणार नाही, त्याच्याशी पुढचं बोला. यातलं काहीही नशेला सुरक्षित करत नाही. धोका थोडा कमी होतो, इतकंच.

दारू पिणाऱ्याला सांगा: उपाशीपोटी नको, मध्ये पाणी प्या, एकट्याने पिऊ नका. दारू आणि झोपेची गोळी एकत्र तर कधीच नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि झोपेतच माणूस जातो. पिण्याआधी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. गाळप हंगामात रात्रीच्या रस्त्यावर दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली शुद्धीतल्या माणसालाही दिसत नाही. नशेत विहिरीवर किंवा मोटारीच्या पेटीपाशी जाऊ नका.

घरच्यांना सांगा: तणनाशक, कीटकनाशक घरात उघड्यावर ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. नशेत आणि उतरत्या नशेत मनात येणारा आत्महत्येचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळाने ओसरतो. त्या थोड्या वेळात बाटली हाताशी नसली, एवढ्यानेही जीव वाचतो.

हातभट्टीत कधी मिथेनॉल, म्हणजे औद्योगिक वापराचं विषारी मद्य, मिसळलेलं असतं. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभरावर माणसं मेली. हे विष सुरुवातीला साध्या दारूसारखंच वाटतं. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोटात दुखतं, उलट्या होतात, धाप लागते आणि डोळ्यांपुढे धुकं येतं. दृष्टी अंधुक झाली की 'जास्त झाली असेल' म्हणत बसू नका. त्याला आणि त्याच्यासोबत तीच दारू प्यायलेल्या सगळ्यांना ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. या विषावर उपचार आहे, पण तो वेळेत झाला तरच.

इंजेक्शन घेणाऱ्यांना सांगा: दर वेळी नवी सिरिंज, नवी सुई. मित्राचीही नको, आपली दुसऱ्याला नको. एकाच सुईतून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी पसरतात. औषध विरघळवायचं पाणी आणि भांडंही वेगळं हवं. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात द्या. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते. हिपॅटायटिस बीची लस आहे, सीवर गोळ्यांचा उपचार आहे.

सुई देणं म्हणजे नशेला मदत करणं, अशी शंका येईल. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, 2017 याने तिचं उत्तर दिलं आहे. संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केलेलं असं काम गुन्हा ठरत नाही. तरीही सुया वाटायच्या असतील तर जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण यंत्रणेशी बोलून, तिच्या पद्धतीनेच वाटा.

एमडी घेणारा तासन्‌तास जागा राहतो, जेवत नाही, अंग तापतं. त्याने पाणी प्यावं, सावलीत बसावं, झोप घ्यावी. छातीत दुखलं किंवा संशय, भीती अनावर झाली तर दवाखाना गाठावा.

सहावी पायरी : तातडीची वेळ

माणूस हाकेला ओ देत नसेल, घरघर करत असेल, ओठ निळसर पडले असतील, श्वास फार मंद झाला असेल, तर 108 ला फोन करा. काय आणि किती घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. अफू, गर्द किंवा त्या जातीच्या गोळ्यांवर नॅलॉक्सोन नावाचं उताऱ्याचं औषध दवाखान्यात देता येतं, पण आधी त्यांना कळलं पाहिजे.

श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे घ्या, म्हणजे तो पालथा किंवा उताणा होणार नाही. तोंड किंचित खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे उलटी बाहेर येईल. गाडी येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका.

इथे चुकतं : बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबू, ताक, मिठाचं पाणी ओततात, ते फुप्फुसात जातं. उलटी काढायला घशात बोटं घालतात. अंगावर गार पाण्याच्या बादल्या ओततात. झटका आला की दातांत चमचा घालतात, नाकाला कांदा-चप्पल लावतात. यातलं काहीही करू नका. झटक्यात फक्त आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा आणि झटका थांबला की कुशीवर वळवा.

पोलिसांच्या भीतीने मित्र पळून जातात आणि माणूस एकटा मरतो. हे टाळायचं असेल तर गावातल्या पोलीस अधिकाऱ्यांशी आधीच बसून बोला. दवाखान्यात आणणाऱ्याला त्रास होणार नाही, एवढा शब्द त्यांच्याकडून घ्या.

सातवी पायरी : दवाखान्यापर्यंत सोबत जा

'सोलापूरला जाऊन ये' म्हणून कुणी जात नाही. सोबती बरोबर एसटीत बसला, केसपेपर काढेपर्यंत रांगेत उभा राहिला, तर जातो. आधी ग्रामीण रुग्णालय, आणि पुढे गरज पडल्यास सोलापूरच्या सिव्हिलमधला मानसोपचार विभाग, असा क्रम ठेवा. फोनवरचा सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे राष्ट्रीय मोफत क्रमांक आहेत.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. अमली पदार्थविरोधी कायदा, 1985 याच्या कलम 64-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं, हेही त्याला सांगून ठेवा.

खाजगी केंद्र निवडताना आधी स्वतः जाऊन पाहा. डॉक्टर रोज येतात का? विड्रॉवलची औषधं देतात का? घरच्यांना भेटू देतात का? मारतात, बांधतात का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये व्यसनाचा आजारही येतो, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला सक्त मनाई केली आहे.

इथे चुकतं : चार जणांनी रात्री उचलून गाडीत घालून केंद्रात टाकणं. असा माणूस बाहेर आल्यावर घरच्यांवर आणि दवाखान्यावर, दोहोंवर विश्वास ठेवत नाही.

आठवी पायरी : सोडल्यानंतरचं वर्ष

सोडलेला माणूस पुन्हा घेतो, याला 'स्लिप' म्हणतात. व्यसन हा पुन्हा उलटणारा आजार आहे, म्हणून स्लिपची तयारी आधीच ठेवा. स्लिप झाल्यावर पहिला फोन कुणाला करायचा, हे त्याच्याशी बोलून ठरवा. काही आठवडे बंद ठेवून पुन्हा घेताना जुन्या मापाने घेतलं तर जीवावर बेतू शकतं, कारण शरीराची सहन करण्याची ताकद उतरलेली असते. गोळ्या आणि अफूच्या जातीच्या पदार्थांत तर हा धोका फार मोठा.

आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. गळ्यात तुळशीची माळ घालून दारू-मटण सोडणं ही इथली शेकडो वर्षांची रीत, आणि माळकऱ्यांचा मेळा हा सोबत्यांचाच गट असतो. कुणाला माळेचा आधार वाटत असेल तर तो जरूर घ्यावा. मात्र ज्याचं पाऊल घसरलं त्याला भजनातून उठवू नका. त्याला टाळ-मृदंगाची गरज त्याच दिवशी सर्वांत जास्त असते.

धोक्याचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. उसाचं बिल हाती येतं तो दिवस, टोळीची उचल मिळते तो दिवस, बेंदूर, गटारी, गावची जत्रा, लग्नाची वरात. त्या दिवशी सोबत्याने संध्याकाळी त्याच्याबरोबरच राहावं. बिलाचे पैसे घरातल्या दोघांच्या खात्यावर जमा व्हावेत, अशी सोय त्याच्या संमतीने करता येते.

आठवड्याची बैठक ठेवा. शाळेची खोली, समाजमंदिर, कुठलीही जागा चालेल. मात्र ती कुणा पुढाऱ्याच्या घरची नसावी. भाषण नको. प्रत्येकाने आपला आठवडा सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि जे ऐकलं ते तिथेच राहील. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका 1935 पासून जगभर अशाच साध्या पद्धतीने चालतात.

शेवटची पायरी : काय मोजायचं

'किती जणांची दारू सुटली' एवढंच मोजलं तर सोबती वर्षभरात निराश होतील आणि बाकीचं काम डोळ्यांआड जाईल. आणखीही काही मोजा. किती जण पहिल्यांदा डॉक्टरांपर्यंत गेले, किती जणांनी गोळी आणि दारू एकत्र घेणं थांबवलं, कितींची तपासणी झाली, किती घरांत कीटकनाशकाला कुलूप लागलं, स्लिपनंतर किती जण परत बैठकीला आले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 2016 पासून चालवलेल्या 'मुक्तिपथ'ने गावातल्या संघटना आणि तालुक्यातले उपचार दवाखाने एकमेकांना जोडले. एकट्या दवाखान्याला किंवा एकट्या गावाला हे काम पेलत नाही, हे तिथल्या रचनेतच दिसतं.

सुरुवात करण्यासाठी कुठल्याही मंजुरीची वाट पाहू नका. या आठवड्यात तीन गोष्टी करा. गावातल्या, व्यसनातून सावरलेल्या एका माणसाला भेटा आणि 'आमच्याबरोबर याल का' असं विचारा. ग्रामीण रुग्णालयात जाऊन, थरथर किंवा झटके असलेला माणूस आणला तर कुणाला भेटायचं, ते विचारून घ्या. आणि 108, 14446, 14416 हे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून पिठाच्या गिरणीत, सलूनमध्ये, औषध दुकानात आणि व्यायामशाळेत लावा. ज्याला ते लागणार आहेत, तो तुम्हाला येऊन सांगणार नाही. पण क्रमांक त्याच्या नजरेसमोर राहतील.